काकांची टिचबटणं

अरे, आमच्या काकांच्या जीपचं रेक्झिनचं हूड आठवतं ना? त्याला टिचबटणं लावायला काकांनी हत्यारही घरीच बनवलं. जाड बोल्टाचं डोकं कोरून त्यात बटणाएवढी वाटी केली, आणि मेच्या दुपारी हूड ताणून सगळी बटणं ठोकली.

डिसेंबरात काकूला बाड्यावर बाजाराला न्यायला निघाले, तर थंडीने रेक्झिन आक्रसलेलं. एकही बटण पोचेना. काका बोल्ट हातात घेऊन नुसते उभे. काकू शाल गुंडाळून उघड्या जीपमध्ये बसली. दौलतगंजातून गाडी कोवळ्या उन्हात तरंगत गेल्यासारखी चालली होती.

काका पुटपुटले, "उद्या बटणं सरकवतो."

काकू डोळे मिटूनच म्हणाली, "रहने दो. थंडीत ऊन वरूनच येतं."