खिळ्यावरची उष्टी रोटी

नोरमत : दहा मिनिटं, बाई. जाळीला हात लावायचा नाही. आणि ते गाठोडं इकडे द्या.

आई : चोरीमारीचं काही नाही हो, नोरमतआका. एक रोटी आहे. कालच तंदूरमधून काढलीय.

नोरमत : बाहेरचं अन्न कैद्यांच्या छावणीत चालत नाही.

एल्योर : राहू दे, आई. इथं वाळू पोटभर मिळते.

आई : किती वाळलास रे!

एल्योर : दिवसभर उन्हात विटा थापतो. दिलदोरा कशी आहे?

आई : रोज विचारते, दादा कधी येणार?

एल्योर : सांग, शिक्षा वर्षानं वाढवलीय. मारामारी दुसऱ्यांनी केली, नाव माझं लागलं.

आई : फाटकावरच कळलं मला.

एल्योर : (हळू आवाजात) मी नाही थांबणार. त्या टेकाडांपलीकडे रेल्वेचे रूळ आहेत.

आई : आणि मधे? पाण्याचा थेंब तरी आहे?

एल्योर : असेल नसेल. घरी माझं काय टांगलंय? निघताना रोटीला दात तरी लागले का माझे?

आई : शिपायांनी तुला अनवाणी ओढत नेलं. मी रोटी घेऊन गाडीमागे धावले, पण गाठता आलं नाही. तुझे बाबा फौजेत गेले, तेव्हा उरलेली खायला परत यावं म्हणून त्यांची उष्टी रोटी दोन वर्षं खिळ्यावर होती. आले आणि पाण्यात भिजवून त्यांनीच संपवली. तुझा खिळा मोकळा बघून जीव तुटतो रे माझा. म्हणून आणलीय.

नोरमत : मी म्हातारा झालोय, बहिरा नाही. सगळं ऐकतोय.

आई : मग एकच घास घेऊ द्या त्याला. उरलेली मी परत नेते.

नोरमत : परत जाणार म्हणजे ते छावणीतलं अन्न नव्हेच. माझा थोरला मजुरीला परदेशी गेलाय. सहा वर्षं झाली, त्याची रोटी भिंतीवरच आहे... घे रे पोरा. आटप.

एल्योर : वास बघ ना, आई! सगळी खावीशी वाटतेय.

आई : मग खा! जळो तो खिळा. भुकेला आहेस तू. खा सगळी.

एल्योर : नको. धर.

आई : अरे, एवढासाच तुकडा?

एल्योर : बाकीची घरी येऊन खाईन.

नोरमत : चला, वेळ झाली.

आई : आणि ती टेकाडं?

एल्योर : राहू देत तिथंच. खिळा तेवढा उंच ठोक, आई. दिलदोराचा हात पोचायला नको.