भुरीचे दहा नखं

हसा जी, हसा! बिलकुल लाजू नोका! माह्या उजव्या हाताचे नखं पाहून राहिले ना? पाहा. अन् हा डावा हात पाहा, कसा सफाचट! एकाच माणसाचे दोन हात, अन् एक हाय मास्तराचा, दुसरा हाय अस्वलाचा! सांगतो, समदं सांगतो, आसगावात यष्टी काही अर्धा घंटा येत नाही, बसा त्या पोत्यावर... अन् वरून माही बहीण मले नाव घेऊन म्हणते काय, "केवळ, तुले साधे मांजरीचे नखं कापता येत नाही?" साधे! अवो, साधे असते त मी कापले नसते का? नखंच कापाचे होते ना जी, काही वाघ माराचा होता का? पण तुम्हाले सांगतो, वाघ परवडला!

मांजर माही नाही, हे पयलेच सांगून ठेवतो. भुरी सुलोचनाची. सुलोचना म्हणजे माही बायको. म्हणजे... होती. गेल्या साली ऐन धानाच्या कापणीत तिले ताप आला. मी म्हटलं, चार दिवसात कापणी होते, मंग नेऊ दवाखान्यात. धान थांबत नाही ना जी, पिकलं का झडते! बायको थांबते, असं वाटलं मले. नाही थांबली.

दहावं झालं, तेरवी झाली, सोयरे आपापल्या घरी गेले. समद्यायले समजलं, सुलोचना गेली. फक्त या भुरीले समजलं नाही! सांज झाली का बसलीच दारात, वावराच्या वाटेकडं तोंड करून. मी तिच्यामांगं खाटेवर. तिले हाकलून पाह्यलं, दूध देऊन पाह्यलं, हटत नाही म्हणजे नाही. मंग मीबी म्हटलं, बस माय, बस, दोघं बसू. एवढ्या मोठ्या घरात वाट पाहणारे आम्ही दोघंच उरलो होतो.

अन् मंग फाल्गुनात माही ललिता आली, साकोलीवरून, बाळंतपणाले. माय नाही, मंग करन कोण? माही मोठी बहीण शकुनबाई आली. आली म्हणजे काय, पलटन आली! चूल तिची, माजघर तिचं, हुकूम तिचा. पोट्टी झाली, मस्त गोरीपान, नाकाले थेट आजीवर. पाळण्याले ललितानं लाल चिंध्यांचा गोंडा बांधला, गोंडा हलला, भुरीनं मारली उडी, अन् पोट्टीच्या गालावर ही एवढीशी लाल रेघ! केसाएवढी! पण शकुनबाईनं असं भोकांड पसरलं का लोकं घागरी टाकून धावले. "केवळ! गुरुवारी बारसं हाय. बुधवारच्या सांजेपर्यंत या अवदसेचे नखं कापले नाही, त मी तिले पोत्यात भरतो अन् वैनगंगेपलीकडं सोडून येतो!" तुम्ही माह्या बहिणीले पाह्यलं नाही. ते बोलली का करतेच.

मी म्हटलं, त्यात काय? सुलोचना त दर महिन्याले कापे! आंगणात बसे, मांडीवर भुरी, हातात नेलकटर, कट् कट् कट्, झालं. मी वावरात राहो, मी कधी धड पाह्यलं नाही. नखंच कापाचे होते ना जी, काही वाघ माराचा होता का?

इश्वर न्हाव्याले बलावलं. म्हटलं, "सालाचं धान नेतं ना तू घरचं? मंग घरच्या समद्यायचं करा लागते. भुरी घरचीच हाय." इश्वर म्हणे, "काका, माह्या आज्यानं मालगुजाराची दाढी केली, अन् मी मांजरीचे नखं काढू?" म्हटलं, "काढा लागन!" आता न्हाव्याची रीत तुम्हाले ठाऊक हाय. पयले नखं भिजवाचे, मऊ झाले का मंग काढाचे. मी भुरीले धरली, अन् या शहाण्यानं वाटीतलं पाणी घेतलं अन् चुळकाभर तिच्या पंजावर... अरे बापा रे! मांजरीले पाणी! मले तरी सुचाव का नाही? मी त वरून म्हणून राहिलो, "अजून थोडं टाक इश्वर, कडक असते तिचे!" मंग काय झालं इचारू नोका. वाटी छपराच्या कवेलूवर, इश्वर तुळशीमांगं, अन् माह्या नाकावर हे पाहा, अजून दिसते. इश्वर जाता जाता म्हणे, "काका, तुमचेच काढून देऊ का? लय वाढले उजव्या हाताचे." म्हटलं, "जाय तू आपल्या घरी!"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसलो. बारदान्यात गुंडाळली, एक पंजा बाहेर काढला, नेलकटर लावला, अन् जसं माणसाचं कापतो तसं मुळापासून, कट्! तुम्हाले सांगतो, असं वरडली... असं वरडली जी, ललिता बाजेवरून उठून आली. पंजातून रक्त. मांजरीच्या नखाच्या मधोमध लाल शीर राहते, हे मले कोण सांगन? जे सांगणारी होती ते त... भुरी बारदाना फाडून गेली ते गेलीच. सांज झाली, दारात नाही. दुसरी सांज, दारात नाही. खाटेवर मी एकटा. मंग मले समजलं का वाट पाहालेबी सोबत लागते. नखंच कापाचे होते ना जी...

शकुनबाई म्हणे, "चांगलं झालं, पोत्याची मेहनत वाचली." मी चपला घातल्या अन् निघालो. वावरात पाह्यलं, धानाच्या तणसाच्या ढिगामांगं पाह्यलं, हाक माराव त सुलोचना कशी मारे तेबी आठवेना! शेवटी बोडीच्या तळ्यावर गेलो, बांधाच्या पाळीखाली तो धुण्याचा गोटा हाय, सुलोचनाचा, त्या गोट्यावर भुरी बसली होती. पंजा चाटत. मी तिच्याजवळ बसलो, अन् तुम्हाले सांगतो, लाजाचं काय त्यात, पोट भरून रडलो. तिच्या तेरवीले रडलो नोतो एवढा. म्हटलं, माफ कर माय, दोघीयलेबी मी धड सांभाळलं नाही.

घरी उचलून आणली, त नख पुन्हा वाहू लागलं. ललितानं पाह्यलं, तांदळाचं पीठ बोटावर घेतलं अन् त्या नखावर दाबून धरलं. म्हणे, "बाबा, आई असंच करे. अन् आई एका दिवशी समदे कापतच नोती. दुपारी भुरीचं पोट भरलं का, उन्हात, तिच्या हिरव्या लुगड्याच्या घडीवर बसवे. पंजाची गादी हलकी दाबली का नख आपलं आपण बाहेर येते. उजेडात पाहाचं. लाल दिसते ते सोडाचं, पांढरं टोक तेवढंच कापाचं. तिनं पंजा ओढला का बंद, बाकीचं उद्या. मांगच्या पायाचे कापाचेच नाही, तिले धानाच्या ढोलीवर चढा लागते, उंदरं धरा लागते."

म्हटलं, "एवढंच?"

तर ललिता म्हणे, "नाही. आई तिच्यासंग बोले. तुमच्या कागाळ्या करे."

माह्या! मांजरीपाशी! तीस वर्सं मले समोरासमोर शब्द बोलली नाही ते बाई!

मंगळवारी दुपारी बसलो मंग. हिरवं लुगडं काढलं पेटीतून. घडी मोडली नोती मी त्याची. भुरीनं हुंगलं, गोल फिरली, बसली. आता बोलाव काय? ललिता बाजेवरून सांगे, अन् मी सुलोचनाच्या आवाजात, बारीक करून, आपल्याच कागाळ्या... "पाह्य भुरे, माह्या घरचा माणूस! भूक लागली त सांगत नाही, नुसता चपला आपटते!" कट्. "भाजीत मीठ नसलं तरी गुमान खाते, अन् मंग दोन दिवस तोंड फुगवते!" कट्. शकुनबाई दारात उभी, पदर तोंडाले लावून हासे! हासो. भुरी डोळे मिटून पडली होती जी, घुर्र घुर्र करत! त्या दिवशी पाच झाले. आंगठ्यासारखं बाजूचं राहते ना एक, तेबी.

बुधवारी दुसरा पंजा. दुखऱ्या नखाचं नुसतं बारीक टोक घेतलं, भिऊन भिऊन. चार झाले. शेवटचं राहिलं, अन् ललिता सांगाचं सोडून पोट्टीचं दुपटं नीट करत बसली. म्हटलं, "सांग ना पोरी, पुढं काय म्हणे?" म्हणे, "राहू द्या बाबा." म्हटलं, "सांग." मंग हळूच म्हणे... अन् मी तेच बोललो, सुलोचनाच्या आवाजात... "डाव्या हाताचे नखं आपले आपण कापते, भुरे, उजव्याचे मलेच कापा लागते. मी मेली त काय करन हा माणूस?"

 नेलकटर तसाच हातात. पण भुरीनं पंजा ओढला नाही. मी डोळे पुसले, अन् कापलं. कट्.

दहा नखं! शकुनबाईनं एकेक दाबून पाह्यलं, म्हणे, "राहू दे मांजर." बारसं झालं, पोट्टीचं नाव आजीचंच ठेवलं. भुरी आता पाळण्याखाली झोपते. सांजच्याले दारात येऊन बसते माह्यासंग, पण आता येते, थोडी बसते अन् जाते पोट्टीपाशी. बरोबर हाय. तिनं दुसरा हात मानला ना जी.

पण त्या बुधवारी, दहावं नख पडलं तशी ललिता आली, माह्याजवळ बसली, नेलकटर माह्या हातातून घेतला अन् म्हणे, "आणा बाबा, तुमचा उजवा हात."

आता सुलोचनाचा एक नेम होता. शनिवारी नखं कापाचे नाही, अमावस्येले नाही, दिवे लागल्यावर नाही. तीस वर्सं पाळला आम्ही. मी हात मांगं घेतला. म्हटलं, "राहू दे ललिते, आज शनिवार हाय."

पोरीनं नेलकटर पुसला अन् फळीवर ठेवून देला. तिलेबी ठाऊक होतं, बुधवार हाय म्हणून.