तट्टू कुठं कुठं थांबतं

सेमोंकाँग या डोंगरातल्या गावी टॅक्सी भरायची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर पर्यटकांना तट्टूवरून डोंगर दाखवणारा मोलेफी होता आणि घोंगडी पांघरलेली मालिनेओ मावशी.

"आमचे हे गेले नि तट्टू तुला विकलं. चालतंय ना नीट?"

"चालतंय कसलं, थांबतंय मावशी! ज्या घरावर ज्वारीची दारू विकत असल्याचं पांढरं फडकं दिसेल, तिथं अडून उभं राहतं."

"राहणारच. ह्यांनीच लावलेली खोड."

"मी पाहुण्यांना सांगतो, इथून डोंगर झकास दिसतो, फोटो काढा. खूश होतात बिचारे."

"लबाडा!"

"धबधब्याच्या वाटेवर पुलेंगच्या दारातही रोज थांबतं."

"पुलेंगच्या? ती तर चर्चवाली. तिच्या घरावर कधी फडकं लागलं नाही."

"हो की. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"किती वेळ थांबतं?"

"बाकी घरांपुढं टाच मारली की निघतं. तिथं मात्र मान खाली घालून उभंच. खोगीर उतरवायची वाट बघितल्यासारखं."

टॅक्सी भरली, निघाली. पूल मागं पडल्यावर मावशी बोलली.

"मग उतरवत जा रे. सवय आहे त्याला."