चौथा ठोका

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इमारतीचे चष्मेवाले काका, व्यासपीठावर संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती टेलरबाई, शेजारी त्यांची लेक, दुकानदार मंडळाचे पदाधिकारी, आणि खुर्च्या संपल्यामुळे जिन्यापर्यंत उभे राहिलेले सर्व रहिवासी,

बाईंविषयी बोलायचा हक्क खरं तर ज्यांचे कपडे त्यांनी चौतीस वर्षं शिवले, त्यांचा. मी त्यांच्याकडून साधं बटणही लावून घेतलेलं नाही. तरी मंडळाने मला उभं केलं, याबद्दल आधीच आभार मानते. शेवटी विसरायला होतं.

मी माहितीपट करते. पाठीशी कुणी नसतं, त्यामुळे कॅमेरा धरणारी मी, दिवे उचलणारी मी आणि चहा आणणारीही मीच. चार वर्षं मी एका भूमिगत रॉक बँडवर फिल्म करत होते. भूमिगत म्हणजे काय, असं आपल्या मनात येईल. जाहिरात नाही, कंपनी नाही, कानोकानी कळेल तेवढेच श्रोते. पण यांच्या बाबतीत तो शब्द अगदी शब्दशः खरा होता. याच इमारतीच्या तळघरात, अकरा पायऱ्या खाली, चौघं जण नऊ वर्षं रोज संध्याकाळी वाजवत असत. त्यांच्याविरुद्ध गेलेला तक्रार अर्ज मला मिळाला. अध्यक्षमहाराज, आपलं हस्ताक्षर सुरेख आहे. ते फिल्ममध्ये घेतलं आहे.

त्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या होत्या. एकच नव्हती.

फिल्म जवळजवळ झाली होती. अडलं होतं ते गाण्यापाशी. बँडच्या टेपा तळघरातल्या ओलीने गेलेल्या. ड्रमर वारलेला. आणि गायक, जे दिवसा मीटर तपासायचे, ते सगळं बोलायचे, पण गायचं म्हटलं की चष्मा पुसत बसायचे. कारण त्यांनीच एकदा सांगितलं. ड्रमरचा चौथा ठोका नेहमी किंचित उशिरा पडायचा. बँडने त्याचं नावच ‘मागाहून’ ठेवलं होतं. शेवटच्या तालमीत गायक त्याला म्हणाले होते, “तुझ्या या एका ठोक्यापायी गाणं मरतं.” मागाहूनने काठ्या ठेवल्या आणि तो निघून गेला. समजूत काढायची राहिली, आणि मग माणूसच राहिला नाही. ते गाणं त्यानंतर गायकांच्या ओठांवर आलं नाही. आता सांगा, गाण्याशिवाय बँडची फिल्म म्हणजे काय? चार माणसांच्या आठवणी आणि एक बंद दार.

त्या दाराचं चित्रण करायला मी एका दुपारी आले. परवानगी मागायला वरच्या दुकानात डोकावले. बाई कॉलरला काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या अंगाईवाल्यांचं का?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक झालीच होती, पण माझी नव्हे.

बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं ‘जळू दे शहर, जळू दे’. चांगलं घसा फोडून गायलेलं. पण तळघराच्या छतातून आणि वरच्या लाद्यांतून पोचेपर्यंत शब्दांची टोकं झिजायची. बाईंना ऐकू यायचं ‘झोपू दे शहर, झोपू दे’. मला म्हणाल्या, एवढ्या जोरात अंगाई गाणारे पुरुष मी जन्मात पाहिले नाहीत, पण हेतू चांगला असल्यावर तक्रार कशाला करायची?

रोज संध्याकाळी त्यांच्या डब्यातली बटणं थरथरायला लागायची. टेबलावरची खडूची भुकटी पाण्यासारखी हलायची. चिंध्यांच्या गाठोड्यावर निजलेली त्यांची लेक, म्हणजे आज इथे बसलेल्या ताई, अंगठा तोंडात घालून शांत व्हायची. आणि बाई खालच्या ठोक्यांवर पायडल मारत ते गाणं गुणगुणायच्या. त्या दुपारी त्यांनी ते मला गाऊन दाखवलं. मी टेप सुरू ठेवली होती.

ती टेप मी गायकांना ऐकवली. ‘झोपू दे’वर ते हसले. मग त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, परत लावा. पुन्हा म्हणाले, परत लावा. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं बोट वर केलं. गाण्यामागे मशीनचा आवाज होता, आणि त्यात चौथा ठोका उशिरा पडत होता.

ते माझ्याबरोबर इथे आले. तळघरातून अकरा पायऱ्या चढून नऊ वर्षं ते उजवीकडे, रस्त्याकडे वळत. त्या दिवशी पहिल्यांदा डावीकडे वळले. दुकानाच्या दारात उभे राहून त्यांनी विचारलं, “बाई, तुमचा पाय चौथ्या ठोक्याला उशीर का करतो?”

बाई म्हणाल्या, “उशीर कुठला? मूल कूस बदलतं. तेवढं थांबायला नको?”

गायक स्टुलावर बसले. बराच वेळ पायाशी पडलेल्या चिंध्या एकावर एक रचत राहिले. मग बाईंना म्हणाले, चालू करा. आणि गायले. हळू, बसून, बाईंच्या शब्दांत. मी म्हटलं, मूळ शब्द ‘जळू दे’ होता ना? ते म्हणाले, “मूळ काय होतं ते मागाहूनला कळलं होतं. मला नाही.” फिल्म तिथे संपते. त्यानंतर लावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

बाई आजपासून लेकीकडे राहायला जाणार. ताईंनी आईचे पाय दुखतात म्हणून मायेने मशीनला मोटर बसवायचं ठरवलं होतं. बाईंनी नको म्हटलं. ताई, का ते आता आपल्याही लक्षात आलं असेल.

अध्यक्षांचे, मंडळाचे आणि आपणा सर्वांचे आभार. मागच्या रांगेत चष्मा पुसत बसलेल्या गृहस्थांचे विशेष. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. आणि एखादी चूक जपावीशी वाटली, तर तीही ठेवून घ्या.

बाई, मशीन व्यासपीठाशेजारीच आहे आणि टेम्पो चारला येणार आहे. कापड नको. नुसतं पायडल मारा. चौथ्या ठोक्याला आम्ही सगळे थांबू.