नुसत्या पोरींच्या शाळेत घातली, भाऊ

नाई जी, तिकडं नका बसू श्रीहरीभाऊ, तिकडं ऊन येते — इकडं सरका, या खाटेवर, हां, असे. पोरगी येतेच. न्हाणीत हाय. आता बायामाणसाचं न्हाणं तुमाले माहीतच हाय, केस धुतले तर वाळाले पाह्यजेत, वाळले तर विंचराले पाह्यजेत, अन् पाव्हणे आले म्हटल्यावर तर विचारूच नका. तुम्ही चिमुरावरून इतक्या दूर आले, गाड्या बदलत, धानाचे पऱ्हे टाकाच्या दिवसात शेती सोडून, आपल्या मुलासाठी पोरगी पाहाले — अन् पोरगी न्हाणीत. मले समजते. रुखमा चहा ठेवून राह्यली — आत भांडे वाजून राह्यले ना, ते आमची बायकोच, दुसरं कोणी नाई. जरा जोरातच ठेवते भांडे, सवय हाय तिची. तवर आपण बोलू. तुम्ही आत्ता विचारलं ना, पोरगी कुठी शिकली — बरं विचारलं. लोक रंग विचारतात, उंची विचारतात, शाळा कोणी विचारत नाई. तर आमची सत्यशीला बारावी पास हाय, अन् बारावीपरेंत ते एकाही पोट्ट्याच्या बाजूले बसली नाई. हे मी लटारू कुरखेड्याच्या बाजारात उभा राहून सांगीन.

सुरवातीले गावच्याच शाळेत होती — हो, तिथी पोट्टे होते, सरकारी शाळेत पोट्टे राहणारच, पण बसाची रीत अशी, का पोट्टे समोर फळ्यापाशी अन् पोरी मागं दाराच्या बाजूले. काऊन दाराच्या बाजूले? तर उठून पाणी भराले बरं. अन् शनिवार आला का पोरीह्यनं शाळा झाडाची, शेण आणून सारवाची, अन् तवर गुरुजी पोट्ट्याह्यले झाडाखाली घेऊन गणितं सांगत. मी एक दिवस तिले पाढे विचारले — तर काही पाढे घडघड येत, अन् काही अजिबात नाई. म्हटलं, बाई, मधातले पाढे उंदरानं खाल्ले काय? तर म्हणे, बाबा, ते शनिवारचे होते. तुम्ही हासता, पण सारवणं मात्र असं शिकली का पाहात राहावं. तुमच्या घरी सपरी-ओसरी सारवाची असन तर — नाई? फरशी हाय? बरं बरं. चिमुरात आता फरशाच असतीन.

चवथीच्या पुढची शाळा नाल्याच्या पलीकडं. नाला भरला का शाळा बंद — म्हणजे शाळा चालूच राहे, आमचीच पोरगी बंद. मंग मी म्हटलं, घरीच शिकवू. मोठमोठे लोक पोराह्यले घरी मास्तर लावतात, आपण काऊन नाई? माहा साळा सोमाजी यष्टीत कंडक्टर होता, तो तवाच घरी बसला होता — काऊन बसला होता ते सोडा. तो रोज येऊन या खाटेवर बसे, जिथी तुम्ही बसले, अन् शिकवे. आता घरच्या शाळेचं सांगतो तुमाले. फायदा असा, का मास्तर कधी गैरहजर राहत नाई, कारण जेवण इथीच. अन् वर्गात एकच पोरगी म्हणून पहिला नंबर तिचा. पण शेवटचाही तिचाच, म्हणून शाबासकी द्याची का कान धराचा हे मास्तरले समजत नाई. भूगोल तर त्यानं असा शिकवला का बस. कुरखेडा, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड, नागपूर — कुठी नदी, कुठी चढाव, कुठी चहा चांगला, अवघं पाठ. मी म्हटलं, सोमाजी, नागपूरच्या पुढं काय हाय? म्हणे, भाऊजी, नागपूरच्या पुढं माही ड्यूटी नाई. झालं, पोरीचा देश नागपुरात संपला. अन् एक गोठ शिकली ते त्याच्यापासून — शिटी. दोन बोटं तोंडात घालून. नाई, आता नाई वाजवत. म्हणजे कारण असल्याशिवाय नाई वाजवत. मागं बाजाराच्या दिवशी मोटारीत चढाले बाप्याह्यची ढकलाढकली चालू होती, म्हाताऱ्या बाया खालीच — इनं शिटी मारली, म्हणे लाइन लावा, नाईतर गाडी सुटणार नाई. अन् लागली लाइन. ड्रायव्हरही लाइनीत उभा राह्यला जी. ते मले सांगाचं नव्हतं, असो.

म्हणून तर म्हटलं, आता पुरे, पोरगी हातची जाईन, तिले वळण लागलं पाह्यजे — अन् घातली नुसत्या पोरींच्या शाळेत. तिकडं वैनगंगेच्या काठी, कन्याशाळा, बोर्डिंगसकट. कंपाउंड हे एवढं उंच. शिकवाले अवघ्या बाया, चपराशीसुद्धा बाई. अन् मोठ्या बाई अंजनाबाई, त्याह्यचा चष्मा पाहूनच मी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून आलो. मले वाटलं, वा, इथी पोरगी लाजणं शिकन, खाली पाहून चालणं शिकन. आत एक बाप्या नाई म्हटल्यावर अजून काय पाह्यजे. तुम्ही मान हलवून राह्यले ना, मीही अशीच हलवली होती. पण भाऊ, माह्या ध्यानात एक गोठ आली नाई. दुसऱ्या कोणाच्या नाई आली असती तर चाललं असतं, माह्या ध्यानात तर याले पाह्यजे होती. कारण मी दंडारीत बाई होतो.

नाई नाई, असे दचकू नका. दंडारीचं नाच-नाटक तुमच्याकडंही होतेच ना दिवाळीच्या मंडईच्या जत्रेत. आमच्या गावच्या दंडारीत बायाह्यचे काम बाप्येच करत. बाई कुठून आणाची? कोण आपली बायको पाठवन नाचाले? मंग मिशी काढा अन् लुगडं नेसा. मी चांगला दिसे तवा. राणी झालो, सून झालो, सासू झालो. रुखमाच्या बापानं मले पहिल्यांदा पाह्यलं ते लुगड्यातच, तरी पोरगी दिली, मोठ्या मनाचा माणूस. तर सांगाचं हे, का जिथी बाया नसतात तिथी बाप्याह्यतूनच बाया निघतात, काम काही कोणासाठी थांबत नाई. हे मी स्वतः नऊवारी नेसून शिकलो — अन् तरी माह्या डोक्यात आलं नाई, का जिथी बाप्येच नसतीन तिथी काय होईन.

काय होईन? तेच झालं. बोर्डिंगात साप निघाला — कोणाले हाक माराची? पोरीह्यनंच काठ्या घेऊन बाहेर काढला. छपराचे कवेलू फुटले, पोरीच वर चढल्या. घंटा पोरगी वाजवे, झेंडा पोरगी चढवे, विहिरीत बादली पडली तर गळ टाकाले पोरगी. भाषण करणारी पोरगी अन् ऐकणाऱ्याही पोरीच, म्हणून मधात कोणी फिदीफिदी हासे नाई. अन् शनिवारीही गणित राहे. मंग गॅदरिंगले आम्हाले बोलावलं. नाटकात एक फौजदार आला — खाकी कपडे, मिशी, छाती पुढं — असा चालत आला का मी खुर्चीत सरळच बसलो. रुखमाले म्हटलं, इथी बाप्या कसा घुसला, मी अंजनाबाईजवळ तक्रार करतो. रुखमा म्हणे, नीट पाहा, आपली सत्यशीला हाय ते. अन् कपाळाले हात लावून म्हणे, घरात एक बाई झाला होता, आता एक फौजदार झाली. भाऊ, त्या नाटकातल्या गुंडाले तिनं असा दम भरला, का माह्या बाजूच्या माणसानं आपली बिडी विझवली. मी काय करणार? टाळ्या वाजवल्या. सगळ्याह्यच्या थांबल्या तरी माह्या चालूच. रडू आलं मले, खरं सांगतो. मी इतके वर्ष राणी झालो, पण माह्यासाठी कोणी बिडी विझवली नाई.

हो, सांगा ना तुमच्या मुलाचं. जंगल खात्यात गार्ड हाय, एवढं मले लहानूनं सांगतलं, ज्यानं हे स्थळ आणलं. तोही बोर्डिंगात शिकला? नुसत्या पोट्ट्याह्यच्या? वा, मंग तर भाकरी येत असन त्याले. नाई? भात? भातही नाई? मंग सैपाक कोण करे — बाई होती. बरं. अन् कपडे धुवाले? तेही बाई. झाडाले-पुसाले? — मंग भाऊ, राग मानू नका, पण ते नुसत्या पोट्ट्याह्यची शाळा कशी झाली? बसले होते नुसते पोट्टे, शाळा तर बायाच चालवून राह्यल्या होत्या. आमच्या दंडारीत असं नव्हतं जी. आमचे लुगडे आम्हीच धुतले.

काय म्हणता? तुमच्या घरी हात कमी पडून राह्यले. हो, मुलाची आई थकली असन, तेही बरोबर. म्हणजे शिकलेली तर पाह्यजे, पण नोकरी नाई कराची. घरी आलेला कागद वाचण्यापुरतं शिक्षण. समजलं. अन् बोलणं बेताचं पाह्यजे. बेताचं म्हणजे — तुम्ही विचारलं तर बोलावं. ते कठीण हाय भाऊ. आता आज सकाळीच मोटारीच्या खिडकीतून ते मले म्हणे—

हं? कोणती मोटार? नाई, न्हाणीतच हाय ते. न्हाणीत मोटार कशी येईन, तुमचंही बरोबर हाय.

राहू द्या आता. न्हाणीत कोणी नाई. सत्यशीला सकाळच्या गाडीनं चांद्याले गेली. डीएडच्या कालेजात मुलाखत हाय आज तिची, मास्तरीण व्हाचं म्हणते. मीच बसवून दिली मोटारीत. आत ते भांडे वाजून राह्यले, ते सवय-बिवय काही नाई. रुखमाले हे स्थळ पसंत होतं, लहानू तिच्या माहेरचा हाय, म्हणून बायको सकाळपासून माह्याशी बोलत नाई. तिचंही चुकत नाई, पोरीची काळजी आईले राहतेच. त्या कालेजात पोट्टे-पोरी अवघे एकत्र, एकाच वर्गात. मी म्हटलं, बाई, तू तर अवघी पोरींच्या शाळेत शिकली, अन् तिथी पोट्टे राहतीन. म्हणे, राहू द्या ना बाबा, तेही शिकतीन. अन् म्हणे, मी मास्तरीण झाली का शनिवारी झाडू कोणाच्या हातात द्याचा ते मी पाहीन.

तुमाले राग आला, याले पाह्यजे, मलेही आला असता. पण एक गोठ ऐकून जा. काल तुमचा निरोप आला तवा सत्यशीला माह्यापाशी आली, या दारात उभी राह्यली, अन् हळूच म्हणे, "बाबा, तुम्ही म्हणान तर मी लुगडं नेसून पाव्हण्यासमोर बसतो. पण मले बसाचं नाई." एवढंच. खाली पाहून. भाऊ, साप काढणारी पोरगी ते, फौजदार झालेली, जिच्या शिटीनं ड्रायव्हर लाइनीत लागला — अन् बापासमोर तिचा आवाज निघत नव्हता. मी रातभर तोच इचार केला. हे कुठी शिकली ते? गावच्या शाळेत नाई, सोमाजीपाशी नाई, अंजनाबाईनं तर नाईच शिकवलं. मंग कुठी? घरीच. माह्यापाशी. मी तिले कधी मारलं नाई, कधी ओरडलो नाई, तरी बापाले भ्यावं लागते हे ते इथंच शिकली, अन् मी समोर बसून होतो. मले लय वाईट वाटलं भाऊ, अजूनही वाटून राह्यलं. म्हणून मी म्हटलं, लुगडं राहू दे, थैली भर, सकाळची गाडी हाय.

उठले तुम्ही? चहा तर — नाई, बरं. लहानूले मी सांगीन, तुमच्याकडं काही कमी नव्हतं म्हणून. मुलगा चांगलाच असन. मनात आलं तर दिवाळीपरेंत पाठवा त्याले इकडं, भाकरी मी शिकवतो, खोटं नाई बोलत, राणीच्या हातची भाकरी होती माही. बरं बरं, नाई पाठवत तर नका पाठवू.

अन् इतकं जे बोललो ना, त्यातलं काहीच बोलाचं नव्हतं मले. सकाळपासून तीन शब्द पाठ करून बसलो होतो — पोरगी देत नाई. तुम्ही दारात आले, डोक्यावर फेटा, मोठा माणूस, अन् माह्या तोंडून निघालं, न्हाणीत हाय. मीही याच घरात शिकलो ना जी, माह्या बापापाशी. आता म्हणतो, ऐका.

पोरगी देत नाई, श्रीहरीभाऊ.

या आता. फाटक लावून घ्या, बकऱ्या आत येतात.