लेकीचा पहिला गट

डोंगरांच्या ओटीतलं ते अभयारण्य. फाटकाशी तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. खाकी टोपीतली गाईड पोरगी तरातरा त्यांच्याकडे आली.

"बाबा! रिटायर झालात ना? मग घरी बसवत नाही का?"

"रीतसर तिकीट काढतोय, बाई. तुझ्याच गटात."

"आज माझा पहिला गट आहे. तुम्ही तोंड उघडलंत, की सगळे तुमच्याकडेच वळणार."

"नाही उघडणार."

"फांदीवर घुबड दिसलं तरी?"

"ते तुझ्याआधी मलाच दिसणार. तरी गप्प."

"आणि पुढे चालायचं नाही. सगळ्यांच्या शेवटी."

"तीस वर्षं गट घेऊन पुढेच चाललो गं."

"म्हणूनच सांगतेय."

"बरं. पण त्या ओढ्यापाशी चढ निसरडा..."

"बाबा!"

"गप्प बसलो."

ती हसू दाबत फाटकाकडे गेली. माझ्या मागच्या बाई लगेच पुढे सरकल्या.

"आजोबा, तुम्हाला इथलं बरंच ठाऊक दिसतंय. आम्ही तुमच्याबरोबरच राहतो."

"छे हो! मी आज पहिल्यांदाच येतोय. त्या गाईडबाईंच्या मागे राहा. सगळा डोंगर त्यांच्या पायाखालचा आहे."