तळातलं शीत

मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर नगरपरिषदेचा वायरमन रजेचा अर्ज घेऊन बसला होता. त्याच बाकावर बाहेरून आलेल्या लेखापरीक्षक बाई आणि त्यांचे टकले सहायक तपासणीचा बेत आखत होते.

"मॅडम, रस्त्यावरचे दिवे चार हजार दोनशे. सगळे बघायचे?"

"साठ बघू."

"साठांवरून सगळ्यांचं कळेल?"

"शितावरून भाताची परीक्षा होतेच की. फक्त शीत वरचं उचलायचं नाही. वरचा भात नेहमी शिजलेलाच दिसतो."

"म्हणजे चौकातले नकोत."

"तिथला एक गेला तरी दहा जण बोंब मारतात. जिथे बोंब मारायलाही कुणी राहत नाही, तिथले काढा. दिव्यांच्या नोंदवहीतला खांबाचा नंबर घ्यायचा आणि त्या खांबाखाली जाऊन उभं राहायचं."

"आपण स्वतः?"

"मग काय, खांब चालत येणार आहे?"

वायरमन आ वासून ऐकत होता. बावीस वर्षांत वही घेऊन खांबापर्यंत आलेलं कुणी त्याने पाहिलं नव्हतं. त्याने अर्जाची घडी करून खिशात घातली.

"बाई, खाणीच्या रस्त्यावरचा शेवटचा नंबर घ्या."

"का? दिवा लागत नाही?"

"तिथे खांबच नाही. वहीत आहे. खाली सही माझी आहे."